मॅडमसाठी आम्लेट

देवीलाल राठोडनं सारं आयुष्य लोकांना नाश्ता खाऊ घातला. त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं, त्याच्या हातचा पहिला घास खाल्ला तो मात्र ती कोण हे त्याला आठवेनासं झाल्यावर.

पांढरकवड्याच्या पुढं, हैदराबादला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून जरा आत त्यांचा बंजारा तांडा आहे. मिसरूड फुटायच्या वयात देवीलाल एका ओळखीच्या ट्रकवर बसून हैदराबादला गेला. आधी त्यानं भांडी घासली, मग कांदे चिरले, मग कुणीतरी त्याचा हात पाहून त्याला शेगडीपुढं उभं केलं. पुढं एका मोठ्या हॉटेलात, सकाळी पाहुण्यांच्या समोर उभं राहून आम्लेट बनवायचं काम त्याला मिळालं. पांढरा कोट, पांढरी टोपी, पुढ्यात वाट्यांमध्ये चिरलेल्या भाज्या. पाहुणा सांगेल तसं बनवून द्यायचं आणि हसून द्यायचं. म्हातारा होईपर्यंत त्यानं तेच केलं.

घरी तो होळीला यायचा आणि दिवाळीला यायचा. मधे कुणाचं लग्न किंवा मरण निघालं तर आणखी एखादी खेप. शेत जमनाबाईनं पाहिलं. कापूस तिनं वेचला, तुरीची राखण तिनं केली, सासऱ्याचं दुखणं तिनं काढलं, आणि बबलू नि बबिता ही दोन लेकरं तिच्याच पाठीवर मोठी झाली. तांड्यातल्या बऱ्याच बायकांचं असंच होतं, त्यामुळं तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. वाईट वाटायचं ते इतकंच की नवरा घरी आला की पहिले दोन दिवस त्याच्याशी काय बोलावं ते तिला सुचत नसे, आणि सुचायला लागेपर्यंत त्याची जायची वेळ होई.

काम सुटल्यावर तो कायमचा घरी आला. सोबत एक ट्रंक, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा पॅन. पॅन त्यानं माळ्यावर ठेवून दिला. पहिलं वर्ष बरं गेलं. संध्याकाळी दोघं आंगणात बाजेवर बसायची. तो हैदराबादच्या गोष्टी सांगायचा, ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकायची. त्यांच्यात अजून नव्या नवरा-बायकोसारखा थोडा संकोच होता. जमनाबाईला वाटायचं, आता काही घाई नाही, हळूहळू जाईल.

मग तो विसरायला लागला. एकदा स्वतःच्याच शेताची वाट चुकून दुसऱ्याच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून राहिला. बबिताला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागला. तांड्याची गोरबोली सोडून घरात हिंदी बोलू लागला. एका पहाटे तो मोठ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला, ड्यूटीला उशीर झाला म्हणून. बबलू यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कंपनीत कामाला आहे. तो सुटी घेऊन आला आणि आई-बापाला यवतमाळला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं सांगितलं की हे आता परत फिरणार नाही. नवं आधी जाईल, जुनं शेवटी. त्याच्याशी वाद घालू नका, जे हातांना अजून जमतं ते करू द्या, फक्त गॅसजवळ एकटं सोडू नका.

घरी येताना बसमध्ये जमनाबाई डॉक्टरच्या बोलण्यावर विचार करत होती. जुनं शेवटी जाणार असेल तर आपण त्या जुन्यात कुठं आहोत? नवऱ्याच्या आठवणीत हॉटेलचे दिवस रानासारखे पसरलेले असतील. तिचे दिवस होळी-दिवाळीपुरते.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तिला चाकूच्या आवाजानं जाग आली. बारीक, एकसारखा, न थांबणारा आवाज. ती उठून रांधणीच्या दारात गेली. देवीलाल आंघोळ करून, केस विंचरून, लग्नाकार्यात घालायचा पांढरा सदरा घालून ओट्यापाशी उभा होता. कंबरेला टॉवेल खोचलेला. माळ्यावरचा पॅन खाली आलेला. त्यानं कोंबड्यांच्या टोपल्यातली अंडी आणली होती, आणि डब्याच्या झाकणावर कांदा, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, इतकं बारीक चिरलं होतं की तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं मान वर केली.

"गुड मॉर्निंग, मॅडम. बैठिए. अभी बना देता हूं."

जमनाबाईनं मागं वळून पाहिलं, कुणी आलं आहे की काय. मागं कुणी नव्हतं. ती नुकतीच उठलेली, केस मोकळे, पायात चप्पल नाही. ती म्हणाली, "अवो, मी हाय."

तो हसला. असं हसू तिनं त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू असावं. त्यानं ओसरीतल्या टेबलाजवळची खुर्ची ओढून दिली. बबलू शाळेत असताना ज्या टेबलावर अभ्यास करायचा, ते टेबल. ती उभीच राहिली, तर तो खुर्चीची पाठ धरून थांबून राहिला. शेवटी ती बसली.

त्यानं फ्रीज उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. मग येऊन माफी मागितली. शिमला मिरची नाही, चीजही संपलंय, आज बिनचीजचं चालेल का, असं त्यानं हिंदीत विचारलं. तिनं मान हलवली.

ते आम्लेट त्यानं तिच्यासमोर ठेवलं तेव्हा त्यावर एकही लालसर डाग नव्हता. अर्धगोल, पिवळंधम्मक, कडेला सांबाराची दोन पानं. तो दोन पावलं मागं सरला आणि हात मागं बांधून उभा राहिला. तिनं एक तुकडा तोडून तोंडात घातला. तिखट नव्हतं. आजारी लेकराला द्यावं तसं, तोंडात घातलं न घातलं तोच विरघळलेलं. ठेच्याच्या जिभेला त्यात काही सापडेना. पण घराबाहेर अजून धुकं होतं, आणि कुणीतरी तिच्यासाठी रांधून तिच्यापुढं ताट ठेवलं होतं. आई गेल्यापासून असं झालं नव्हतं. तिनं सगळं खाल्लं.

"कैसा है, मॅडम?"

"चांगलं हाय," ती म्हणाली.

तिनं बबलूला फोन करून येताना चीज आण म्हणून सांगितलं. बबलूला आधी कळेना. मग तो शनिवारी आला तेव्हा चीजची डबी आणि दोन शिमला मिरच्या घेऊन आला, आणि रविवारी सकाळी दारात उभं राहून त्यानं बापाला काम करताना पाहिलं.

देवीलाल तापलेल्या पॅनवर तेलाचे थेंब टाकून आधी भाज्या नुसत्या फिरवून घ्यायचा, त्यातलं पाणी जाईपर्यंत, आणि बाजूला काढायचा. मग एक पूर्ण अंडं आणि दुसऱ्याचं फक्त पांढरं. वाटी तिरपी धरून काट्याच्या चमच्यानं ते फेस येईपर्यंत फेटायचा, चमचाभर दूध घालायचा. आच अगदी मंद. अंडं ओतलं की पॅन हलकेच झुलवायचा. कडा सुटल्या की एका बाजूवर भाज्या, वर चीज किसून, मग क्षणभर झाकण. चीज वितळलं की दुसरी बाजू सराट्याच्या पात्यानं अशी अलगद दुमडायचा की पांघरूण घालतोय असं वाटावं. उरलेलं पिवळं तो वाटीत तसंच ठेवायचा. तेवढं वाया जाताना जमनाबाईला बघवायचं नाही, म्हणून ती ते मांजरीला द्यायची.

ज्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावताना आता मदत लागत होती, त्याचे हात शेगडीपुढं चुकत नव्हते. बबलू आंगणात जाऊन पाठ करून उभा राहिला.

मग हे रोजचंच झालं. गॅस ती स्वतः लावून द्यायची आणि खुर्चीवरून डोळा ठेवायची. हळूहळू ती सकाळी टेबलावर यायच्या आधी तोंड धुऊन, वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून यायला लागली. शेजारच्या लालीबाईनं विचारलं की म्हातारपणी सकाळी सकाळी कुठं जायची तयारी चालते. जमनाबाईनं तिच्याशी तुरीचं बोलणं काढलं. पण इतक्या नीटनेटक्या माणसापुढं पारोसं बसायला तिला बरं वाटत नव्हतं.

सुरुवातीला एकदा तिनं सांगून पाहिलं होतं. तो अंडं फेटत असताना ती म्हणाली, "मी जमना हाय. तुमची बायको." त्याचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, आणि त्याचे डोळे भ्याले. पॅनवरचं तेल जळून धूर निघाला तरी त्याला कळलं नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला की मॅडम, माझं काही चुकलं का, साहेबांना सांगू नका. त्या दिवशी तो दुपारपर्यंत भिंतीशी अंग चोरून बसला होता. त्यानंतर तिनं तसं कधी केलं नाही.

मॅडम झाल्यावर मात्र तो तिच्याशी बोलायचा. तिला हिंदी बाजारापुरती येत होती, तेवढ्यात भागायचं. ती आपल्या बोलीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं चालायचं. तिनं विचारलं, गाव कोणतं. त्यानं तांड्याचं नाव सांगितलं, पांढरकवड्याजवळ, म्हणाला, आमच्याकडं कापूस होतो. घरी कोण असतं म्हटल्यावर म्हणाला की आई-बाप आहेत, दोन लेकरं आहेत, घरवाली आहे. घरवाली शेत सांभाळते. फार खंबीर आहे. मला तिचा थोडा धाक वाटतो, असं म्हणून तो लाजल्यासारखा हसला.

"धाक काहून?" तिनं विचारलं.

तो पाहुण्याला सांगावं तसं अदबीनं सांगत गेला. मी वर्षातून दोनदा जातो. ती सगळं करून बसलेली असते. मला घरात हात लावायला काही उरलेलं नसतं. ती ताट वाढते आणि मी जेवतो. मग वाटतं, आपण या घरचे पाहुणेच आहोत.

जमनाबाईच्या हातातला तुकडा हातातच राहिला. इतकी वर्षं ती त्याला काही करू देत नव्हती ते त्याला आराम मिळावा म्हणून.

आणखी एका सकाळी तिनं विचारलं की हे असलं आम्लेट घरवालीला कधी खाऊ घातलं का. तो नाही म्हणाला. तांड्यात गडी माणूस चुलीपुढं बसला तर बाप काय म्हणेल, भाऊ हसतील. आणि खरं सांगायचं तर सुटीत अंडं डोळ्यांसमोर नको वाटतं. मग तो म्हणाला, "उसने कभी बोला भी नहीं. बोलती तो बना देता."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची एक दुपार जमनाबाईला लख्ख आठवली. तिनं विचारलं होतं, तिथं काय बनवता, मलेबी खाऊ घाला एकदा. तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला होता, ते साहेब लोकांचं खाणं, तुले नाही आवडायचं. त्यानंतर ती कधी बोलली नव्हती.

"म्हणली असंन ते," ती हळूच म्हणाली. "तुमीच विसरले असान."

देवीलालनं त्यावर खरंच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हो सकता है, मॅडम," तो म्हणाला.

बबिता नेरला दिलेली. संक्रांतीनंतर ती चार दिवस राहायला आली. सकाळी उठून पाहते तर आई टेबलावर बसलेली आणि बाप हात बांधून उभा. ती "बापू" म्हणत जवळ गेली, तर त्यानं तिलाही विचारलं, मॅडम, आपके लिए क्या बनाऊं. बबिता तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

दुपारी धुण्याच्या दगडापाशी तिनं आईला धरलं. म्हणाली की लोक हासतात, लालीबाई सगळ्या तांड्यात सांगते. बापूचं डोकं गेलं म्हणून तू पण नाटक करतेस. एवढं आयुष्य तू या घरासाठी मर-मर मेली आणि आता तो तुला ओळखत नाही, तरी तू त्याच्यासमोर पाहुणीसारखी बसते.

"याडी, माय, तुले वाईट नाही वाटत?" बबितानं विचारलं.

जमनाबाईनं पिळा झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मी जमना म्हणून बसली तं तो घाबरते. मॅडम म्हणून बसली तं माह्यासंग बोलते. तो माह्याशी इतका कधीच बोलला नवता, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिता आईच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवून बसली. बापानं दोन प्लेटी आणून ठेवल्या. तिनं खाली मान घालून खाल्लं, आणि विचारल्यावर "बहुत अच्छा है" म्हणाली. जायच्या दिवशी ती त्याच्या पाया पडली तेव्हा तो गोंधळून मागं सरला.

पळसाला फुलं आली. होळी जवळ आली तशी तांड्यात संध्याकाळी बायकांची गाणी सुरू झाली. ती ऐकून की काय कोण जाणे, एका सकाळी देवीलालनं प्लेट ठेवली आणि नेहमीसारखा मागं न जाता तिथंच थांबला. म्हणाला, उद्यापासून मी नसेन, मॅडम. छुट्टी मिळाली. होळीला गावी जातोय. दुसरा माणूस येईल, त्यालाही मी सांगून ठेवलंय की तुम्हाला हलकं लागतं, मिरची नको.

जमनाबाईनं घास खाली ठेवला. ती म्हणाली, "घरवाली वाट पाहत असंन."

"हां," तो म्हणाला. मग त्यानं बाहेर, रस्त्याच्या दिशेनं पाहत सांगितलं की ती कधी बोलत नाही, पण मी फाट्यावरून चालत येताना ती दारात उभी दिसते. हातातली पिशवी घेते, गडव्यात पाणी देते. मी पाणी पिईपर्यंत काही विचारत नाही. मला ते फार बरं वाटतं.

त्या दिवशी जमनाबाईचं कशातच लक्ष लागलं नाही. शेवटचा कापूस वेचायचा होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहते तर बाज रिकामी आणि फाटक उघडं. ती अनवाणीच निघाली.

तो फाट्यावरच्या शेडमध्ये बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत एक सदरा आणि तो पॅन. समोरून ट्रक धडाधडा जात होते. तिला पाहून तो अदबीनं उठला. म्हणाला, मॅडम, तुम्ही पण? तिनं विचारलं, कुठं चालले. त्यानं तांड्याचं नाव सांगितलं. ज्या तांड्याची घरं तिथं बसल्या बसल्या दिसत होती, तिथं जायच्या बसची तो वाट पाहत होता.

"मी बी तिकडेच चालली," ती म्हणाली. "बस नाही येत आता. पायी जाऊ. मले रस्ता माहीत हाय."

दोघं चालू लागली. दोन्हीकडं कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, मधून कच्चा रस्ता. तो तिला सांगत होता की इकडं मोर येतात, त्या विहिरीचं पाणी गोड आहे, माझ्या बापानं बांधली. ती हो हो म्हणत होती. तिला भीती वाटत होती की घर आलं आणि दारात कुणी नसलं तर? तो तिथं उभा राहील, वाट पाहील, आणि मग पुन्हा त्याचे डोळे भितील.

विहिरीजवळ ती थांबली. "ते पाहा तुमचं घर," ती म्हणाली. "तुमी व्हा पुढं. मले या बाजूनं जायचं हाय."

त्यानं हात जोडले आणि तो सरळ रस्त्यानं निघाला. ती लालीबाईच्या घरामागून धावली. गुडघे दुखत होते, काट्यांत लुगडं अडकलं, ते तिनं ओढून फाडलं. मागच्या दारानं घरात शिरली, गडवा भरला, पदर डोक्यावर घेतला आणि पुढच्या दारात येऊन उभी राहिली. श्वास आवरत नव्हता.

तो फाटकातून आत आला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिशवी तिच्या हातात दिली आणि गोरबोलीत म्हणाला,

"जमना, वाळली किती तू."

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून तिनं आपलं नाव ऐकलं नव्हतं. तिनं गडवा पुढं केला, आणि तो पाणी पिईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

तो बाजेवर बसला. लेकरं कुठं आहेत, त्यानं विचारलं. ती म्हणाली, शाळेत गेली. तूर कशी झाली? चांगली झाली. बाप? शेतात गेलाय. तिनं सगळं त्याच्या त्या दिवसांतलंच सांगितलं आणि तो समाधानानं मान हलवत राहिला. दुपारी जेवून झोपला. ती उशाशी बसून त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलत होती.

दुसऱ्या सकाळी ती सवयीनं वेणी घालून ओसरीत आली. देवीलाल बाजेवर मांडी घालून बसला होता.

"चा दे," तो म्हणाला.

तिनं चहा दिला. त्याच्या पुढच्या सकाळीही चहाच दिला. शेगडीकडं तो फिरकला नाही. तो सुटीवर आला होता, आणि सुटीत त्याला अंडं नको असायचं. जमनाबाईनं पॅन पिशवीतून काढून ओट्यावर, त्याला दिसेल असा ठेवला. फ्रीजमध्ये चीज आणून ठेवलं. त्याची नजर पॅनवरून जायची आणि पुढं निघून जायची. होळी झाली. काही दिवस तो तिला नावानं हाक मारत राहिला. मग हाक मारायचा, पण नाव मध्येच हरवायचं. मग हाकही थांबली. तो ना सुटीवरचा राहिला, ना कामावरचा. नुसता बसून राहायचा.

नवरा परत मिळाला होता, तो असा थोडे दिवस. आणि सकाळी हसून खुर्ची ओढून देणारा तो दुसरा माणूस तिला पुन्हा भेटलाच नाही. तिला त्याची आठवण यायची. हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. लालीबाईला एकदा सांगू गेली तर लालीबाई म्हणाली, अगं नवरा तर घरातच आहे, मग कोणासाठी रडते?

उन्हाळ्यात त्याला चावणं जड जायला लागलं. भाकरी तोंडात धरून बसायचा. एका सकाळी जमनाबाईनं स्वतः कांदा-टमाटर चिरलं. तिच्या हाताला जाडच चिरायची सवय. अंडं फेटलं, पण फेस तसा येईना. पॅन जास्त तापला, आम्लेट खालून लाल झालं, दुमडताना मधोमध फाटलं. तिनं वर चीज किसलं, ते एका जागी गोळा झालं. तसंच ती त्याच्यापाशी घेऊन बसली आणि लहान लहान तुकडे करून त्याला भरवू लागली.

तो सावकाश चावत राहिला. गिळलं. मग बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द आले, हिंदीत, अदबीनं.

"अच्छा है, मॅडम." थोडं थांबून म्हणाला, "हमारे यहां एक आदमी बनाता है. उसके हाथ का खाना कभी."

"काय नाव त्याचं?" तिनं विचारलं.

तो आठवत राहिला. ओठ हलत होते. बाहेर कोंबड्या कलकलाट करत होत्या. तिला वाटलं, आता विसरला असेल की आपण काही विचारलंय. पण तो अजून शोधतच होता, आणि ते सापडत नाही याचा त्रास त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागला.

"देवीलाल," ती म्हणाली. "देवीलाल नाव होतं त्याचं."

"होगा," तो म्हणाला, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

पाऊसकाळात तो अंथरुणाला खिळला. कापसाची बोंडं फुटायला लागली तेव्हा, एका सकाळी, जमनाबाई त्याचं तोंड पुसत असताना त्याचा श्वास थांबला. बबलू लोहाऱ्याहून आला, बबिता नेरहून आली. तांड्यानं रिवाजाप्रमाणं सगळं केलं. हैदराबादहून हॉटेलातला एक जुना सोबती आला होता, फकिरा नावाचा. तो दिवसभर आंगणात बसून होता. जाताना त्यानं जमनाबाईला सांगितलं की नवी पोरं यायची तेव्हा देवीलालभाई त्यांना आधी कांदा नाही, हसायला शिकवायचा. पाहुणा उपाशी आणि झोपेत असतो, म्हणायचा, त्याला सकाळी पहिला माणूस आपणच दिसतो.

"मले माहीत हाय," जमनाबाई म्हणाली.

दिवसकार्य झाल्यावर बबलू तिला लोहाऱ्याला घेऊन गेला. तिथं सुनेनं तिची चांगली बडदास्त ठेवली. पण सकाळ झाली की कंपनीच्या गाड्यांचा आवाज सुरू व्हायचा, सगळ्यांची घाई चालायची, आणि ती कुठं बसावं ते न कळून दाराशी उभी राहायची. महिनाभरात ती परत आली. म्हणाली, तूर उभी आहे, राखणीला कुणी नाही.

आता ती पहाटेच उठते. ओसरीतल्या टेबलावर उभ्या उभ्या रात्रीची भाकरी फडक्यात बांधते, लालीबाईला हाक मारते, आणि दोघी धुऱ्यानं शेताकडं निघतात. लालीबाई बोलत असते. जमनाबाई ऐकते. मोठ्या रस्त्यानं हैदराबादकडं ट्रक जात असतात, त्यांचे दिवे अजून विझलेले नसतात.